पायरीवरचा शब्द

—नाही नाही, तिथे खाली नको, धोंडबाजी, वर या ना. व्हरांड्यात या. खुर्ची आहे, सतरंजी आहे, हवं तिथे बसा. ऊन तर बघा, फेब्रुवारी अजून सरला नाही आणि या धंतोलीचा रस्ता कसा तापलाय... चपला राहू द्या हो पायात, चालतं. बरं, उभेच राहता? ठीक आहे, मग मीपण उभा राहतो. मला वाटलंच होतं तुम्ही येणार म्हणून. म्हणजे—विशाखा वर्गाला येईनाशी झाली तेव्हा आधी वाटलं ताप असेल, नाहीतर लोको शेडमध्ये तुमची पाळी बदलली असेल, घरात डबा करायला कोणी नसेल. तीच ना ती, फाटकापाशी, सायकल धरून? विशाखा! अगं ये ना आत! काहून अशी बाहेर उभी?—पाहा, मीही ‘काहून’ म्हणायला लागलो. लहानपणापासून पहाडातल्या बोर्डिंगात, मग दिल्लीत कॉलेज, इथली बोली पार विसरलो होतो. ती परत येऊन राहिली आहे हळूहळू. विशाखाच हसते मला. म्हणते, सर, तुम्ही ‘मला’ म्हणता तर पुस्तक वाचल्यासारखं वाटते... येत नाही का ती? असो. दमली असेल. अजनीहून सायकल मारत यायचं म्हणजे.

हे काय? ही पाटी कशाला आणलीत परत? अहो, ती तिचीच आहे, घरी राहिली तरी काही बिघडत नव्हतं. पुठ्ठा आहे साधा, बुटांच्या खोक्याचा, मीच कापला, मीच लाल दोरा ओवला. पायरीवर नका ठेवू, इकडे द्या—बरं, राहू द्या तिथेच.

तिने तुम्हाला नीट सांगितलं नसणार. माझी शिकवायची पद्धत सांगतो, म्हणजे तुमचा गैरसमज दूर होईल. इंग्रजी व्याकरण इथे कसं शिकवतात? नाऊन म्हणजे नाम, व्हर्ब म्हणजे क्रियापद, व्याख्या पाठ, छडी तयार. मुलं घोकतात आणि विसरतात. मी ठरवलं होतं, नागपूरला परत जायचं आणि हे बदलायचं. दिल्लीत नोकरी मिळत होती, धोंडबाजी, चांगली नोकरी. घरचे म्हणाले वेडा आहेस. मी म्हटलं, नाही, इंग्रजी ही चार घरांची मिरास का असावी? मॅट्रिकला आपली पोरं पडतात कशात? इंग्रजीत. अंगात हुशारी आहे, हात चालतो, डोकं चालतं, आणि एका पेपरापायी जन्मभर... तर माझी पद्धत अशी, की वाक्य हे जिवंत माणसांचं असतं. प्रत्येकाच्या गळ्यात एक पाटी. एक नाऊन, एक व्हर्ब, एक अॅडजेक्टिव्ह. मी हाक मारली की व्हरांड्यात रांगेत उभं राहायचं, आपापल्या जागी. व्हर्ब मधोमध, त्याच्याशिवाय वाक्य उभंच राहत नाही. अॅडजेक्टिव्हने नाऊनला खेटून उभं राहायचं. प्रिपोझिशनने दोघांचे हात धरायचे. कन्जंक्शन तर असा आमचा लठ्ठ पोरगा आहे, दोन वाक्यांच्या मध्ये उभा राहतो आणि दोन्हीकडच्यांना गुदगुल्या करतो! हसतात, खेळतात आणि कधी शिकले ते त्यांनाही कळत नाही. कोणी कोणाच्या वर नाही, कोणी खाली नाही. सगळे मिळून एक वाक्य. मी फाटकावर काय रंगवलंय? स्वतःच्या हाताने रंगवलंय—‘मोफत इंग्रजी वर्ग, सर्वांसाठी.’ त्यातला ‘सर्वांसाठी’ मोठ्या अक्षरात आहे.

हो, येतो, त्यावरच येतो, तिच्या पाटीवर. इंटरजेक्शन. तर इंटरजेक्शन म्हणजे आपलं केवलप्रयोगी अव्यय. अरेरे, वाहवा, शाब्बास, हाय रे. माणसाच्या मनातून एकदम निघालेला उद्गार. तो वाक्याच्या जरा... जरा अलीकडे असतो. रांगेत नसतो. पुस्तकातच तसं आहे, मी काही केलेलं नाही. म्हणून त्याची जागा पायरीवर. जिथे आत्ता तुम्ही उभे आहात ना, तीच. मी खूण केली की विशाखाने मोठ्याने म्हणायचं ‘हुर्रे!’ किंवा ‘अलास!’, म्हणजे हाय रे, आणि मग आत वाक्य सुरू. खरं सांगतो, ती ‘अलास’ म्हणते तेव्हा अंगावर काटा येतो. तिच्यासारखा आवाज कोणाचा नाही. थेट रस्त्यापर्यंत जातो. म्हणून तिला ती पाटी दिली. आवाजासाठी.

काय म्हणतात? कोण म्हणतं? फाटकाजवळ?... ‘अलासबाई आली.’ हां. ते मी ऐकलंय. म्हणजे ऐकलं नाही, कानावर आलं. अहो, पोरं आहेत, नावं ठेवतात. मला बोर्डिंगात काय म्हणायचे माहितीय? संतरा. नागपूरचा म्हणून संतरा. ‘ए संतरे, इधर आ, छिलका उतार.’ रात्री पांघरुणात रडायचो मी, पण कोणाला सांगितलं नाही. इंग्रजी शिकलो, त्यांच्यापेक्षा चांगलं शिकलो, मग एकेक तोंड बंद झालं. तेच मी विशाखाला म्हटलं. म्हटलं, बाळ, लक्ष देऊ नकोस, उत्तर पेपरात दे. ती काही बोलली नाही. तिचा तो स्वभावच... नाही, आधी बोलायची. बोलायची पुष्कळ.

नेहमी नाही हो! नेहमी तिलाच असं नाही. पाट्या बदलतो ना मी, दर आठवड्याला बदलतो. सगळ्यांच्या. आज जो नाऊन तो पुढे अॅडव्हर्ब. सगळ्यांना सगळं यायला पाहिजे, हे तर पद्धतीचं मूळ आहे. म्हणजे... बहुतेक सगळ्यांच्या बदलतो. तिची राहिली असेल. राहिली. तिने विचारलं होतं मला एकदा, सगळे गेल्यावर, सायकलचं कुलूप काढता काढता. ‘सर, मले व्हर्ब कधी करसान?’ मी म्हटलं, करू, करू. आणि खरं सांगू का, व्हर्ब तिच्याइतकं कोणालाच येत नाही. गो, वेंट, गॉन—झोपेतून उठवा, सांगेल. पायरीवरून बाकीच्यांना हळूच सांगते ती. तो आमचा कन्जंक्शन अडला की तिच्याकडेच बघतो. म्हणजे बघा, पायरीवर असली तरी तिचं शिकणं कुठे थांबलं? उलट सगळ्यांत जास्त तीच—

मग? पाण्याचा मग? कोणता?

अच्छा, तो. हिरव्या काठाचा. तो बघा ना, तिथेच आहे, पायरीजवळच्या कोनाड्यात. तो मी सीताबर्डीवरून आणला, नवा कोरा, तिच्यासाठी. त्याचं असं आहे, आमच्या बोर्डिंगात प्रत्येकाचा मग वेगळा. ज्याचा त्याने धुवायचा, ज्याचा त्याने ठेवायचा. आरोग्याचा नियम आहे तो, साधा. एका पेल्याला सगळ्यांनी तोंड लावायचं ही आपल्याकडची घाण सवय, कावीळ होते, टायफॉइड होतो. म्हटलं, इथे तसं नको. सुरुवात कुठून तरी करायची, तर विशाखापासून केली. बाकीचेही आणणार होते आपापले मग. आणतील. सांगायचं राहून गेलं... ते? ते माठावरच्या पेल्याने पितात, सध्या. माझ्या आत्याच्या पितळी पेल्याने. पण वरून पितात, तोंड न लावता. तसं पाहिलं तर विशाखालाही वरून पिता येतं म्हणा. येतं तिला, मी पाहिलंय. पहिल्या दिवशी ती तशीच प्यायली होती, त्याच पेल्याने, माठाजवळ उभी राहून, आणि मग आत्याने तो पेला चिंचेने—

घासला. पितळ आहे, चिंचेनेच घासतात. त्यात काय?

हळू बोलू या का जरा? आत्या आत आहे. यमुआत्याचं घर आहे हे, तुम्हाला ठाऊक आहे. तिने व्हरांडा दिला म्हणून हा वर्ग आहे, नाहीतर मी कुठे नेलं असतं पोरांना, शहराबाहेर वाडीच्या गोदामात? एकटी बाई, काकांच्या मागे घर सांभाळून आहे, जुन्या वळणाची आहे, पण मन वाईट नाही तिचं. लोणचं घालते, मुलांना फोडी देते. सगळ्यांना देते. विशाखालाही देते, पानावर... तर सतरंजीचं जे तुम्ही म्हणता, विशाखा ज्या दिवशी सतरंजीवर बसली त्याच दिवशी ती धुवायला टाकली, हे खरं नाही. म्हणजे टाकली त्याच दिवशी, पण सतरंजी काय, धुतातच. मळली होती. आणि ती वाळेपर्यंत सगळेच फरशीवर बसले, सगळे! मी स्वतः फरशीवर बसलो. विचारा तिला. मग वाळल्यावर पुन्हा घातली तेव्हा—तोवर मी या पाट्यांचं काढलं होतं. त्यामुळे पायरीचा प्रश्न आपोआप सुटला.

प्रश्न म्हणजे प्रश्न नव्हे. तुम्ही असं बघू नका हो माझ्याकडे.

ऐका. आता तुम्ही आलाच आहात तर सांगतो, मला लपवायचं काही नाही. चारुलता म्हणून मुलगी आहे वर्गात, समोरच्या वकिलांची. तिची आई आत्याकडे येऊन बसली. मी नव्हतो. मी असतो तर... मी आलो तेव्हा आत्या इथे झोपाळ्यावर बसून होती, तोंड असं घट्ट. म्हणाली, ‘गिरिधर, तुला काय समाज सुधारायचा तो सुधार, माझ्या माठाला हात लागता कामा नये. नाहीतर उद्यापासून व्हरांड्याला कुलूप.’ आता मी काय करायला हवं होतं? तुम्ही सांगा. भांडायला हवं होतं? भांडलो असतो. शब्द ओठावर होते. मी इंग्रजीत भांडतो, फार चांगला भांडतो, कॉलेजात वादविवादात मला... पण कुलूप लागलं असतं तर कोणाचं नुकसान? त्या वकिलाच्या मुलीला शिकवणी आहे घरी. नुकसान कोणाचं? विशाखाचंच ना? एका पायरीसाठी सगळा वर्ग बंद करू? मी रात्रभर विचार केला. म्हटलं असा मार्ग काढायचा की आत्याही गप्प, चारुलताची आईही गप्प, आणि विशाखाच्या मनाला तर लागताच कामा नये. तिला कळलंच नाही पाहिजे. तिला वाटलं पाहिजे हा खेळ आहे. आणि मग मला हे इंटरजेक्शनचं सुचलं. मला इतका आनंद झाला होता, धोंडबाजी. सकाळी उठून पुठ्ठे कापायला बसलो. आत्याला म्हटलं बघ, पद्धत म्हणजे काय असते.

...

हो. आधी पायरी, मग पाट्या. तसंच म्हणा.

पण माझा हेतू बघा ना! मी कसा आहे हे तुम्ही पाहिलंय. मी तुमच्या वस्तीत आलो होतो स्वतः, विहारासमोर उभा राहिलो, म्हटलं पोरं माझ्याकडे पाठवा. सगळे नुसते बघत होते. तुम्हीच पहिले पुढे आलात. म्हणालात, पोरगी चालते का? मी म्हटलं, पोरगी तर आधी पाहिजे. मग तुमच्या घरी चहा प्यालो. आठवतं? तुमच्या मंडळींनी ट्रंकेतून नवी कपबशी काढली, कागदात गुंडाळलेली, धुऊन पुसून माझ्या हातात दिली. मी प्यालो की नाही? बशीत ओतून प्यालो. इथे येऊन आत्याला सांगितलं, चारचौघांत सांगितलं, दिल्लीला मित्राला कळवलं, की मी त्यांच्या घरी चहा प्यालो... तसं नाही. ‘त्यांच्या’ म्हणजे तुमच्या. सांगण्यासाठी नव्हतो प्यालो मी.

आणि विशाखाला यातलं काही कळलेलं नव्हतं याची मला खात्री आहे. होती. म्हणजे एक दिवस... जाऊ द्या. नाही, काही विशेष नाही. प्रिपोझिशनचा धडा होता. प्रत्येकाने एक वाक्य करायचं. कोणी म्हटलं मांजर टेबलाखाली, कोणी म्हटलं पक्षी झाडावर. विशाखाला ‘आउटसाइड’ आलं. ती पायरीवर उभी राहून म्हणाली, त्याच आवाजात, रस्त्यापर्यंत जाणाऱ्या—‘माय फादर सॅट आउटसाइड द स्कूल.’ माझे बाबा शाळेच्या बाहेर बसत. त्या गुदगुल्यावाल्याने हात मागे घेतले. ती माझ्याकडे बघत होती. मी—मी म्हटलं, ‘व्हेरी गुड.’ म्हटलं, भूतकाळ अगदी बरोबर. फक्त ‘आउट’वर नाही, ‘साइड’वर जोर दे.

म्हणजे तसा जोर दिला तर जास्त चांगलं वाटतं.

तुम्ही काहीतरी बोला ना. रागवा तरी. हे बघा, झालं ते झालं, आता पुढचं बघू. बोर्डाचा पेपर तोंडावर आलाय. ती शाळेत पहिली येणारी पोरगी, गणितात, शास्त्रात कुठेच अडत नाही, फक्त इंग्रजीत थोडं... निबंध कच्चा आहे, अॅक्टिव्ह-पॅसिव्ह अजून पक्कं नाही. आत्ता सोडलं तर सगळी मेहनत पाण्यात. तिला नर्सिंगला जायचंय, मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात, तिनेच सांगितलं मला. इंग्रजीशिवाय कोण घेईल? तुम्ही माझ्यावर राग धरा, पण तिचं वर्ष घालवू नका. मला एक सुचलंय. मी काल रात्रीपासून तोच विचार करतोय. तिला मी एकटीला शिकवतो. रोज. वर्गाच्या आधी, कोणी नसताना. ना पाटी, ना पायरी, ना ती पोरं. मागच्या अंगणात चाफ्याखाली छान सावली असते, तिथे खुर्ची टाकतो, अगदी खुर्ची, आणि मागच्या बोळातून यायला दार आहे, तिकडून आली की आत्याला दिसणारही—

नाही, तसं नाही म्हणायचं मला. मागचं दार म्हणजे ते... भंगी येतो त्या... ते जवळ पडतं. अजनीहून येताना जवळ पडतं म्हणून म्हटलं.

थांबा, निघू नका. असे निघू नका, धोंडबाजी. घामाने सदरा भिजलाय तुमचा, एवढ्या उन्हात आलात, निदान पाणी तरी घ्या. आत्याला नाही सांगत, मी आणतो, माझ्या हाताने. माठातलंच देतो. आत्या बघू दे ना, बघितलं तर बघितलं, आज काय ते होऊन जाऊ दे! मी भीत नाही तिला. विशाखालाही देतो. बघ गं विशाखा, माठाचंच देतो आहे! एक मिनिट... हं. हे घ्या. वाळा टाकलाय आत्याने, गार आहे. घ्या ना.

काय झालं? काय बघता?

हा—हा मग... अहो, हा आपला हाताशी होता. माठाकडे जाताना डाव्या अंगाला कोनाडा पडतो, तर जाता जाता हात गेला, सवयीने... सवयीने म्हणजे सवय नाही, चुकून. मी मुद्दाम करीन का? आत्ताच्या आत्ता बदलतो, द्या इकडे, पितळी पेला आणतो आतला, आमचा—आमचा म्हणजे सगळ्यांचा, तो... उपडा का घातलात? पाटीवरच पाणी सांडलं, अक्षरं फुटली बघा. फुटू द्या, नको ती पाटी, मी दुसरी करतो. व्हर्ब करतो. आज तीच व्हर्ब, मधोमध, सतरंजीवर, मुलं येतीलच आता, मी त्यांच्यासमोर सांगतो सगळ्यांना, आत्यालाही सांगतो, धोंडबाजी, ऐका तर—

काय म्हणालात? जातो?

जातो म्हणू नये हो निघताना. आमच्यात—आपल्यात, निघताना येतो म्हणतात. येतो तरी म्हणा. विशाखा, अगं सायकल कुठे वळवतेस, तू तरी म्हण. येते म्हण. तुझा आवाज तर थेट रस्त्यापर्यंत...